संसदेच्या प्रवर समितीला निवेदन पाठवताय? या चुका टाळा

विधेयक प्रवर समितीकडे (एका सभागृहाच्या सदस्यांची समिती) किंवा संयुक्त समितीकडे (दोन्ही सभागृहांच्या सदस्यांची) गेले की काही दिवसांत वर्तमानपत्रात लोकसभा किंवा राज्यसभा सचिवालयाची एक छोटी जाहिरात येते. मजकूर बहुधा ठरलेला असतो: निवेदन इंग्रजीत किंवा हिंदीत, दोन प्रतींत, साधारण पंधरा दिवसांत, समोर येऊन म्हणणे मांडायचे असेल तर तसे स्पष्ट लिहावे. बऱ्याच चांगल्या सूचना या चार ओळी नीट न वाचल्यामुळेच वाया जातात. समितीला काय करता येते आणि काय येत नाही याचा अंदाज चुकल्याने आणखी काही जातात.

समिती कोणती, हेच न पाहणे

प्रवर समितीला इंग्रजीत 'सिलेक्ट कमिटी' म्हणतात, पण हा शब्द ब्रिटनमध्ये एका अर्थाने वापरतात आणि आपल्याकडे दुसऱ्या. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये 1979 पासून प्रत्येक खात्यावर नजर ठेवणाऱ्या कायमस्वरूपी समित्यांना हे नाव आहे. 2010 पासून त्यांतल्या बहुतेकांचे अध्यक्ष खासदारांच्या गुप्त मतदानाने निवडले जातात आणि साक्षी सहसा उघडपणे, कॅमेऱ्यासमोर होतात. आपली प्रवर समिती एका विधेयकापुरती असते. सभागृह तिची नेमणूक करते, अहवाल सादर झाला की तिचे काम संपते आणि बैठका बंद दाराआड होतात. यूट्यूबवर ब्रिटिश समितीत उद्योगपतींची झालेली खरडपट्टी पाहून दिल्लीतही तसेच होईल असे समजू नका.

ब्रिटिश समित्यांशी जुळतात त्या आपल्या विभागसंबंधित स्थायी समित्या. 1993 मध्ये त्या 17 होत्या, 2004 पासून 24 आहेत. प्रत्येकीत 31 सदस्य असतात, लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10. मुदत एक वर्षाची. त्यांच्याकडेही विधेयके जातात, म्हणून गोंधळ वाढतो.

निवेदन लिहिताना हा फरक महत्त्वाचा ठरतो. प्रवर किंवा संयुक्त समिती विधेयकाचे शब्द स्वतः बदलू शकते, आणि विधेयक 'समितीने सुधारल्याप्रमाणे' सभागृहात परत येते. स्थायी समिती फक्त शिफारस करते. दुरुस्ती आणायची की नाही हे सरकार ठरवते. म्हणून प्रवर समितीला तयार शब्दरचना द्यावी. स्थायी समितीला मंत्रालयाच्या गळी उतरेल असा युक्तिवाद द्यावा.

अर्थात शब्द बदलण्याचा अधिकार असला तरी शेवटचा शब्द समितीचा नसतो. आयकर विधेयक, 2025 लोकसभेच्या 31 सदस्यांच्या प्रवर समितीकडे गेले. समितीने 21 जुलै 2025 रोजी 285 सूचनांसह अहवाल दिला. सरकारने मूळ विधेयक 8 ऑगस्टला मागे घेतले आणि 11 ऑगस्टला नवे, सुधारित विधेयक मांडले. वैयक्तिक माहिती संरक्षण विधेयक, 2019 संयुक्त समितीत दोन वर्षे राहिले. अहवाल डिसेंबर 2021 मध्ये आला, ऑगस्ट 2022 मध्ये विधेयकच मागे घेतले गेले आणि 2023 मध्ये वेगळ्याच विधेयकाचा कायदा झाला. जुन्या समितीला दिलेले निवेदन नव्या विधेयकाच्या फायलीत आपोआप जात नाही.

खंड आणि कलम यांची सरमिसळ

सर्वाधिक नुकसान या चुकीमुळे होते. विधेयकात असतात ते 'खंड'; मंजूर झाल्यावर त्यांची 'कलमे' होतात. दुरुस्ती विधेयकात दोन्ही एकाच वेळी समोर असतात: विधेयकाचा खंड 12 मूळ कायद्याच्या कलम 40 मध्ये बदल सुचवतो. निवेदनात नुसते '40 रद्द करा' लिहिले तर वाचणाऱ्या अधिकाऱ्याने काय समजावे? कायम दोन्ही क्रमांक द्या: 'विधेयकाचा खंड 12 (मूळ कायद्याचे कलम 40)'.

आणखी एक सापळा आहे. दुरुस्ती विधेयकाने ज्या कलमांना हात लावलेला नाही, त्यांच्याबद्दलच्या सूचना बहुतेक वेळा कक्षेबाहेर पडतात. लोकसभेच्या नियम 80 प्रमाणे दुरुस्ती विधेयकाच्या व्याप्तीतली आणि त्या खंडाच्या विषयाशी संबंधित हवी. मूळ कायद्यावरचा सगळा राग दहा पानांत ओतला तर त्यातली एखाद-दोन पानेच समितीच्या उपयोगाची निघतात.

'विधेयकच मागे घ्या' ही एकच मागणीही फार पुढे जात नाही. विधेयक प्रवर समितीकडे पाठवण्याचा प्रस्ताव सभागृहाने मंजूर केला म्हणजे त्यामागचे तत्त्व मान्य केले, असे संसदीय परंपरा मानते. समिती तपशिलावर काम करते. विरोध जरूर नोंदवा, पण खाली 'तरीही खंड ठेवायचाच असेल तर' म्हणून पर्यायी शब्दरचना द्या. पर्याय दिला म्हणजे माघार घेतली, असे अनेक संघटनांना वाटते. प्रत्यक्षात समितीतल्या एखाद्या सदस्याला दुरुस्ती मांडायला तुमचा हा परिच्छेदच हाताशी लागतो.

चालणारा साचा साधा आहे. पहिल्या पानावर तुम्ही कोण, या विषयाशी संबंध काय आणि मुख्य तीन-चार मुद्दे. मग चार रकान्यांचा तक्ता: खंडाचा क्रमांक, सध्याची शब्दरचना, सुचवलेली शब्दरचना, कारण. कारण पाच ओळींपेक्षा लांबले तर ते परिशिष्टात टाका. सुचवलेली शब्दरचना अशी लिहा की उचलून जशीच्या तशी बसवता येईल: 'खंड 7(2) मधील "तीस दिवसांच्या आत" या शब्दांऐवजी "नव्वद दिवसांच्या आत" हे शब्द घालावेत.' 'मुदत वाढवावी' एवढ्यावर कोणी शब्द बसवत नाही. पानांना क्रमांक, परिशिष्टांना वेगळे क्रमांक, शेवटी सही.

मराठीत लिहिलेले निवेदन तसेच पाठवू नका. जाहिरातीत सांगितलेल्या भाषेत अनुवाद जोडा. मराठी मूळ सोबत ठेवायला हरकत नाही. मुदत धरताना निवेदन सचिवालयात पोहोचण्याची तारीख धरा, टपालात टाकल्याची नव्हे. शेवटच्या दोन दिवसांत ईमेल आणि टपाल दोन्ही करा.

एकच मजकूर हजारो लोकांकडून पाठवण्याची मोहीम उठून दिसते, पण तिचा उपयोग मर्यादित असतो. वक्फ (दुरुस्ती) विधेयक, 2024 वरच्या संयुक्त समितीकडे 97 लाखांहून अधिक निवेदने आली आणि तिच्या बैठका झाल्या 36. एवढ्या गठ्ठ्यात एकसारखी पत्रे हा एकच मुद्दा ठरतो. शंभर पत्रांपेक्षा शंभर ठिकाणचे वेगवेगळे अनुभव, नेमक्या खंडाला जोडून दिलेले, जास्त कामाचे.

पाठवलेले निवेदन लगेच फेसबुकवर

निवेदन सचिवालयात पोहोचले की ते समितीच्या दप्तराचा भाग होते. जाहिरातीतच लिहिलेले असते की ते गोपनीय मानले जाईल. लोकसभेच्या नियम 275 नुसार समितीपुढची साक्ष, कागदपत्रे आणि कामकाज, समितीचा अहवाल सभागृहात मांडला जाण्याआधी बाहेर फोडता येत नाही. तसे केले तर हक्कभंगाचा प्रश्न उभा राहू शकतो. 'आज समितीला आम्ही काय सुनावले' असा साक्षीनंतरचा उत्साही व्हिडिओ याच जाळ्यात सापडतो. विधेयकावर तुमची भूमिका मांडणारा स्वतंत्र लेख लिहायला कोणी अडवत नाही. पाठवलेला मजकूर आणि बैठकीतले बोलणे मात्र अहवाल येईपर्यंत बाहेर काढू नका.

माहिती अधिकारात बैठकीचे इतिवृत्त मागणाऱ्यांनाही बहुधा नकार मिळतो. त्या कायद्याच्या कलम 8(1)(ग) मध्ये संसदेच्या विशेषाधिकाराचा भंग होईल अशी माहिती वगळलेली आहे. बहुतेकदा अहवालाच्या परिशिष्टात इतिवृत्त येतेच, तेव्हा थोडा धीर धरा.

साक्षीला बोलावणे आले, पण तयारी भाषणाची

साक्षीची विनंती निवेदनात स्पष्टपणे केलेली नसेल तर नाव विचारातच घेतले जात नाही. केली तरी बोलवायचे की नाही हे समिती ठरवते. बोलावले तर दहा मिनिटांचे मुद्दे आणि तासाभराच्या प्रश्नांची तयारी ठेवा; निवेदन वाचून दाखवू नका, ते सदस्यांपुढे असते.

सुरुवातीला समितीचे अध्यक्ष लोकसभा अध्यक्षांच्या निर्देश 58 ची आठवण करून देतात: तुमची साक्ष प्रसिद्ध होऊ शकते, एखादा भाग गोपनीय हवा असेल तर तसे सांगा, पण तो भागही खासदारांना पाहता येईल. व्यापारी गुपित किंवा पीडित व्यक्तीची ओळख असेल तर त्याच क्षणी सांगा. नंतर सांगून उपयोग होईलच असे नाही.

निर्देश 59 वागण्याचे नियम सांगतो आणि तो जुन्या वळणाचा आहे: बसताना अध्यक्षांना मान झुकवून अभिवादन, शपथ सांगितली तर घेणे, प्रत्येक प्रश्नाचे उत्तर, सौम्य भाषा, धूम्रपान नाही, काही चघळणे नाही. हसू आले तरी पाळा. उत्तर टाळणे, खोटे सांगणे, सत्य दडवणे किंवा समितीची टिंगल करणे हा अवमान ठरू शकतो. उत्तर माहीत नसेल तर 'लेखी पाठवतो' म्हणणे पूर्ण चालते. अंदाजे आकडा ठोकणे चालत नाही. साक्षीची शब्दशः नोंद नंतर दुरुस्तीसाठी तुमच्याकडे येते. त्यात ऐकण्या-लिहिण्यातली चूक सुधारा, उत्तराचा आशय बदलायला जाऊ नका.

बैठक उशिरा सुरू झाली तर बहुधा गणपूर्तीची वाट पाहणे चालू असते. त्यासाठी एकतृतीयांश सदस्य हजर लागतात.

समितीला न्यायालय किंवा तक्रार कक्ष समजणे

समिती माणसे, कागद आणि दप्तर मागवू शकते. पण एखादा कागद किंवा साक्षीदार प्रस्तुत आहे का यावर वाद झाला तर नियम 270 प्रमाणे लोकसभा अध्यक्षांचा निर्णय अंतिम. देशाची सुरक्षितता किंवा हित धोक्यात येईल या कारणावरून सरकार कागद नाकारू शकते. समिती स्वतः कोणाला शिक्षा करत नाही. अवमान झाला तर प्रकरण सभागृहाकडे जाते. 'समिती मंत्र्यांना जाब विचारेल' ही अपेक्षाही फोल ठरते. साक्षीला सहसा सचिव आणि अधिकारी येतात.

स्थायी समितीच्या अहवालाला नियमांनीच 'मन वळवण्याइतके' वजन दिले आहे, बंधनकारक नाही. न्यायालयात मात्र त्याचा उपयोग होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2018 मध्ये कल्पना मेहता प्रकरणात सांगितले की संसदीय समितीच्या अहवालाचा आधार घेता येतो, पण त्याच्या वैधतेला आव्हान देता येत नाही. याचिकेला अहवाल जोडायचा असेल तर ही सीमा लक्षात ठेवा.

तुमची थकलेली पेन्शन, अडलेला दाखला, एका अधिकाऱ्याची वागणूक यांसाठी हा दरवाजा नाही. रोजच्या प्रशासनात स्थायी समित्यांनी पडू नये असे नियमच म्हणतात. संसदेत त्यासाठी वेगळी याचिका समिती आहे. आणि विधेयक राज्याचे असेल तर निवेदन विधिमंडळाच्या सचिवालयाकडे जाते, दिल्लीला नाही. महाराष्ट्रात दोन्ही सभागृहांच्या अशा समितीला 'संयुक्त चिकित्सा समिती' म्हणतात आणि तिचे अध्यक्षपद मंत्र्याकडेही असू शकते. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकावरच्या समितीचे अध्यक्ष महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे होते.

अहवाल आला, आणि विषय सोडून दिला

सभागृहाने मुदत ठरवली नसेल तर प्रवर समितीला तीन महिने मिळतात, मुदतवाढ नेहमीची. अहवाल आल्यावर नुसता शिफारशींचा सारांश वाचू नका. असहमतीची टिपणे पाहा. तुमचा मुद्दा बहुमताने फेटाळला असेल तरी तो तिथे जिवंत राहिलेला असू शकतो, आणि सभागृहातल्या चर्चेत खासदार त्यातूनच बोलतात.

स्थायी समितीच्या शिफारशींवर सरकारने तीन महिन्यांत कार्यवाहीचे उत्तर द्यायचे असते, आणि निर्देश 73-अ नुसार मंत्र्यांनी सहा महिन्यांत सभागृहात निवेदन करायचे असते. त्यानंतर समितीचा 'कार्यवाही अहवाल' येतो. त्याची साधारण पाच प्रकरणे असतात: पहिल्यात समितीचे भाष्य, दुसऱ्यात सरकारने मान्य केलेले, तिसऱ्यात समितीने सोडून दिलेले. चौथ्यात सरकारचे उत्तर समितीला पटलेले नसते आणि पाचव्यात अंतिम उत्तर यायचे असते. पाठपुरावा करणाऱ्याने थेट चौथे आणि पाचवे उघडावे.

मुळात विधेयक समितीकडे जाईलच असे धरून चालू नका. पंधराव्या लोकसभेत 71 टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत हे प्रमाण 16 टक्क्यांवर आले. मंत्रालयाने मसुदा लोकांसमोर ठेवला असेल तर तेव्हाच लिहा; 2014 च्या धोरणानुसार त्यासाठी किमान 30 दिवस द्यायचे असतात.

लोकसभा विसर्जित झाली की तिच्या समित्याही संपतात आणि तिथे प्रलंबित विधेयके बाद होतात. तेव्हा पोचपावतीसह निवेदनाची तारीख घातलेली प्रत जपून ठेवा. नवे विधेयक आले की आधी खंडांचे क्रमांक नव्याने जुळवा, मग नव्या समितीकडे पुन्हा पाठवा.