जुन्या गाडीच्या रेडिएटरच्या झडपा: कधी उघडायच्या, कधी बंद

ज्यांच्याकडे १९२० च्या दशकातली, हाताने चालवायच्या झडपांची (म्हणजे रेडिएटरमध्ये जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या पट्ट्यांची) गाडी आहे त्यांच्यासाठी सांगतो. रोल्स रॉइसची ट्वेंटी घ्या, १९२२ ला आली तेव्हा रेडिएटरसमोर आडव्या पट्ट्या होत्या आणि त्या उघडझाप करायचं काम ड्रायव्हरचंच.

गाडी गार असताना झडपा पूर्ण बंद ठेवूनच स्टार्ट करा. गार इंजिनात पेट्रोल नीट वाफ होत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं, मग बेअरिंग खराब व्हायला वेळ लागत नाही, आणि हे नुकसान दिसत नाही म्हणूनच जास्त वाईट. तापमानाचा काटा ७५ डिग्रीच्या आसपास आला की थोड्या थोड्या उघडत जा, ८०-८५ ला स्थिर राहिला की झालं. लांब उतार लागला तर परत थोड्या मिटा, आणि चढ किंवा ट्रॅफिक दिसला तर काटा चढायची वाट न बघता आधीच पूर्ण उघडा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर बहुतेक वेळ उघड्याच राहतील.

रेडिएटरच्या टोपीवर मोटोमीटर, म्हणजे टोपीत बसवलेला तापमापक, असेल तर लक्षात ठेवा, तो पाण्याचं नाही तर वरच्या वाफेचं तापमान दाखवतो, त्यामुळे निघण्याआधी पाण्याची पातळी बघाच.

महिन्यातून एकदा कोणाला तरी लिव्हर हलवायला सांगा आणि स्वतः समोर उभे राहा, सगळ्या पट्ट्या एकदम वळल्या पाहिजेत. एखादी मागे राहिली तर तिच्या खिळीवर पातळ ऑइलचा एकच थेंब टाका, ग्रीस नको, धूळ चिकटते.