वेठबिगारीतून माणसं सोडवताना या चुका टाळा

रायगड, ठाणे, पालघरच्या कातकरवाड्यांत, म्हणजे कातकरी आदिवासींच्या वस्त्यांत, माणसांच्या तस्करीला तस्करी म्हणत नाहीत. तिथला शब्द आहे बयाणा, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ दिलेले पैसे. पावसाळ्यात घरातलं धान्य संपतं, मजुरी मिळेनाशी होते आणि कुणीतरी ओळखीचा मोटारसायकलवरून येऊन काही हजार रुपये हातावर ठेवतो. दिवाळी झाली की टेम्पो लागतो. पोराबाळांसकट अख्खं घर वीटभट्टीवर नाहीतर कोळसाभट्टीवर जातं.

मदतीला धावणारे आपण इथेच पहिल्यांदा चुकतो, कारण आपण पळवून नेणारा अनोळखी गुंड शोधत बसतो. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या एका कातकरी मुलीचा जीव गेला, तेव्हा कुठे बाहेर आलं की थोडे पैसे आणि एक मेंढी यांच्या बदल्यात मुलं नगर जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडे राबायला दिली जात होती. ती मुलं कुणी रात्री उचलून नेली नव्हती. घरच्यांच्या देखत गेली होती.

“पैसे घेतलेत ना, मग फेडा” असं म्हणणं

मालकानं असं म्हणणं समजतं. पण सरपंच म्हणतो, हवालदार म्हणतो, कधी आपल्यातलाच कार्यकर्ताही म्हणून जातो. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं हे कर्ज रद्द केलं आहे. ते वेठीचं कर्ज नव्हतं हे सिद्ध करायचं ओझं मालकावर आहे, मजुरावर नाही. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणं हीसुद्धा वेठ आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्येच सांगितलं आहे.

आणि सगळ्यात महागात पडते ती मांडवली. मी स्वतः ती होऊ दिली आहे. एका पोलीस ठाण्यात मालक म्हणाला, “उरलेले पैसे सोडले मी, घेऊन जा यांना.” सगळ्यांना हायसं वाटलं, मलाही. रात्री कुटुंब वाडीवर पोचलं. पण गुन्हा दाखल नाही, जबाब नाही, मुक्ती प्रमाणपत्र नाही. म्हणजे सरकारदरबारी ती माणसं कधी वेठबिगार नव्हतीच. प्रमाणपत्र असतं तर केंद्राच्या पुनर्वसन योजनेतून ३०,००० रुपयांपर्यंतची तातडीची मदत मागता आली असती आणि पुढे पुनर्वसनाची मोठी रक्कमही. पुढच्या पावसाळ्यात त्या घरानं पुन्हा बयाणा घेतला. त्याचा दोष मी त्यांना देऊ शकत नाही.

म्हणून लेखी अर्ज प्रांताधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या, चौकशी त्यांच्याकडून करवून घ्या आणि प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. पोलिसांत भारतीय न्याय संहितेचं मानवी तस्करीचं कलम १४३ लावायचा आग्रह धरा. “ते स्वखुशीनं आले होते” या उत्तराला तिथे जागा नाही. शोषणासाठी फसवून किंवा आमिष दाखवून आणलेल्याची संमती कायदा मोजत नाही.

मालकासमोर विचारणं, आणि चुकीचं विचारणं

“तुम्हाला डांबून ठेवलंय का?” असं विचारलं की उत्तर ठरलेलं: “नाय, शेठ चांगला हाय.” शेठ चार पावलांवर उभा असतो. बाजूला घ्या, बायकांशी बाईला बोलू द्या, आणि साधं विचारा. बाजाराला कोण जातं? नवरा-बायको दोघं मुलांना घेऊन एकदम गावी जाऊ शकता का? आजारी पडलात तर? हिशेब कोण लिहितं?

वही मात्र नक्की बघा. मी पाहिलेल्या एका शंभर पानी वहीत वर बयाणा होता, खाली दर आठवड्याची खर्ची, मग दवाखाना, तेल, मीठ, एक चादरसुद्धा. विटा किती पाडल्या तो रकाना पानभर कोरा. ज्याच्या नावाची वही होती त्याला वाचता येत नव्हतं. अशा पानाचा फोटो काढून ठेवा, कुठल्याही भाषणापेक्षा तो जास्त कामाला येतो.

माणसांचे फोटो मात्र काढून ग्रुपवर टाकू नका. पीडित मुलांची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्यानं गुन्हा आहे. शिवाय बातमी फुटली की रातोरात टेम्पो भरून भट्टी रिकामी होते.

मूल हरवलं असताना वाट बघणं

“गेली असेल कुणाबरोबर, दोन दिवस थांबा” हे ऐकून परत फिरू नका. हरवलेल्या मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवलाच पाहिजे, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा आदेश आहे. हद्दीचा वाद घातला तर शून्य क्रमांकानं, म्हणजे हद्द न बघता, गुन्हा नोंदवायला सांगा. मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ या क्रमांकावर फोन करा.

सोडवलं, घरी पोचवलं, विसरलो

ज्या पोकळीतून बयाणा आत आला ती तशीच असते. रेशनकार्ड आहे का, धान्य खरंच मिळतंय का, जातीचा दाखला आहे का, झोपडीखालची जागा कुणाच्या नावावर आहे, हे एकेका घराचं बघावं लागतं. कातकरी हा विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून नोंदलेला आहे, तरी दाखल्यावाचून अडलेली घरं वाडीवाडीत सापडतात. शिक्षकांनी दिवाळीआधीच जाणाऱ्या मुलांची यादी करावी आणि शिक्षण हमी कार्ड देऊन पाठवावं, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेत मूल बसू शकतं आणि कोण कुठं गेलं याचा माग राहतो.

रोजगार हमीच्या कामाची मागणी लेखी द्या, तारखेची पोच घ्या, आणि हे पावसाळ्याआधीच उरका. मोटारसायकल वाडीत पोळ्याच्या सुमाराला येते.