हृदयाला पंप बसवलेलं माणूस सांगलीला घरी येण्याआधी

डिस्चार्जची तारीख कळली की पलंग कुठे टाकायचा यावर घरात खल सुरू होतो. त्याआधी पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी, कुठे करायची ते ठरवा. एलव्हीएडी, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूला मदत करणारा पंप, बसला की त्यात गुठळी होऊ नये म्हणून वॉर्फरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, आलंच. आयएनआर बहुतेकांचा 2 ते 3 मध्ये ठेवतात. खाली गेला तर गुठळीची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. सांगली-मिरजेत लॅब पायलीच्या पन्नास, पण एकच धरा, आणि संध्याकाळच्या गोळीआधी रिपोर्ट देणारी धरा. तारीख, आकडा, डोस वहीत लिहा. मोबाईलमध्ये नको, आयत्या वेळी तो मोबाईलवाला मुलगा पुण्यात असतो.

त्याच वहीत रोज सकाळी कंट्रोलरवरचे, म्हणजे पंप चालवणाऱ्या शरीराबाहेरच्या डबीवरचे, फ्लो (पंपातून जाणारं रक्त) आणि पॉवर (पंपाला लागणारी वीज) यांचे आकडे. पॉवर नेहमीपेक्षा चढली, लघवी कोलासारखी तपकिरी झाली, तर पंपात गुठळीची शंका. शौचाला काळं, चिकट झालं तर आतड्यात रक्तस्राव. आयएनआर बरोबर असूनही तो होतो, कारण पंपाच्या वेगात व्हॉन विलेब्रँड या रक्त थांबवणाऱ्या प्रथिनाच्या लांब साखळ्या तुटतात. लोहाच्या गोळीनेही शौच काळं होतं. हा घोळ घरी सोडवत बसू नका, पंप बसवणाऱ्या टीमला फोन करा. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर तडक सीटी स्कॅनची सोय असलेल्या हॉस्पिटलात. गुठळी की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय कळत नाही, म्हणून वाटेत ॲस्पिरिन देऊ नका. एमआरआय या पंपाला चालत नाही, तेही सांगा.

सगळ्यात महत्त्वाचं मला वाटतं ते गल्लीतल्या डॉक्टरांना आधीच जाऊन भेटणं. पंप रक्त सलग ढकलतो, म्हणून नाडी लागणार नाही, बीपीचं मशीन एरर दाखवेल, आणि तरी माणूस समोर बसून चहा पीत असेल, हे त्यांना आधी ठाऊक हवं. आपल्याकडे ताप आला की ‘डॉक्टर, एक सुई मारा’ म्हणायची सवय. कमरेतली सुई इथे नको, आत रक्त साकळतं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही दुखण्याची औषधं नकोत, त्यांनी रक्तस्राव वाढतो. मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकने आयएनआर चढतो. आयएनआर वाढला म्हणून व्हिटॅमिन के, म्हणजे वॉर्फरिनचा उतारा, टीमला न विचारता नको, एकदम उतरला तर गुठळी. दात काढायचा म्हणून वॉर्फरिन परस्पर बंद करायचं नाही.

ॲस्पिरिनबाबत: हार्टमेट 3 या एलव्हीएडी पंपावरच्या 2023 च्या अभ्यासात ती वगळूनही गुठळ्या वाढल्या नाहीत, रक्तस्राव कमी झाला. तेव्हा चिठ्ठीत नसेल तर स्वतःहून सुरू करू नका.

मेथी, पालक खा, पण त्यात व्हिटॅमिन के असतं, म्हणून दर आठवड्याला साधारण तेवढीच. भाजीतली हळद चालेल. हळदीच्या कॅप्सूल आणि कुणी पाठवलेले काढे नकोत. ब्रश मऊ, दाढी मशीनने.

उरलं विजेचं. पंप थांबला की रक्त साचून गुठळी होते, म्हणून दोन्ही बॅटऱ्या एकदम कधीच काढायच्या नाहीत. घर 2019 च्या पुरात पाण्याखाली गेलेल्या भागात असेल तर पावसाळ्यात कृष्णेची पातळी वाढायच्या बातम्या आल्या, की चार्जर, जादा कंट्रोलर आणि वॉर्फरिन घेऊन नातेवाइकांकडे उंचावर जा.