जुने मराठी पुस्तक विकिस्रोतावर आणताना

नागपूर १९५६ पर्यंत राजधानीचे शहर होते आणि त्या काळातील मराठी पुस्तके येथील वाचनालयांत व घरोघरच्या कपाटांत आजही सापडतात. त्यांपैकी एखादे विकिस्रोतावर, म्हणजे मुक्त पुस्तकांच्या ऑनलाइन ग्रंथालयात, सर्वांसाठी खुले करायचे असेल, तर आधी प्रताधिकार (कॉपीराइट) तपासावा. १९५७ च्या भारतीय प्रताधिकार कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा प्रताधिकार त्याच्या निधनाचे वर्ष संपल्यापासून ६० वर्षे राहतो. म्हणजे १९६४ मध्ये निधन झालेल्या लेखकाचे असे लेखन १ जानेवारी २०२५ रोजी मुक्त झाले. अनुवादकाचा किंवा प्रस्तावना लिहिणाऱ्याचा हक्क मात्र वेगळा मोजावा लागतो. स्कॅन ज्या विकिमीडिया कॉमन्सवर (मुक्त चित्रे व फाइलींच्या ऑनलाइन साठ्यावर) चढवायचे, तेथे अमेरिकेतील कायदाही पाहिला जातो, म्हणून १९४१ पूर्वी निवर्तलेल्या लेखकांच्या त्यांच्या हयातीत छापलेल्या पुस्तकांपासून सुरुवात करणे अधिक सुरक्षित.

स्कॅन ३०० डीपीआयचे (दर इंचाला ३०० ठिपके) असावे. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात जुना कागद आणखी ठिसूळ होतो. अशा वेळी पुस्तक काचेवर सपाट दाबण्याऐवजी ते अर्धवट उघडे ठेवून वरून छायाचित्रे घ्यावीत. पीडीएफ कॉमन्सवर चढवून मराठी विकिस्रोतावर त्याचे अनुक्रमणिका पान, म्हणजे स्कॅनच्या सर्व पानांची यादी असलेले पान, तयार करावे.

येथे थांबू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. स्कॅन म्हणजे केवळ चित्र: त्यात शब्द शोधता येत नाही आणि दृष्टिहीन वाचकाचे वाचन-सॉफ्टवेअर ते वाचू शकत नाही. ओसीआरने (चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने) मजकूर मिळतो, पण त्यात ‘घ’ व ‘ध’, ‘भ’ व ‘म’, ‘ष’ व ‘प’ यांची अदलाबदल होते आणि पुसट छपाईतले अनुस्वार गळतात. ते मूळ पानाशी ताडून परत घालावेत. १९६२ च्या लेखननियमांपूर्वीच्या पुस्तकांत ‘नाहीं’, ‘कांहीं’ अशी रूपे येतात. ती आजच्या नियमांनी ‘सुधारणे’ ही चूक आहे, कारण आपण पुस्तक जतन करीत असतो, त्याची नवी आवृत्ती काढत नसतो. वऱ्हाडी शब्दांनाही तोच न्याय लावावा.

विकिस्रोतावर पानाची स्थिती रंगाने दिसते: तपासलेले पान लाल रंगातून पिवळ्यात जाते, परंतु ते हिरवे होण्यासाठी दुसऱ्या सदस्याने पुन्हा वाचून प्रमाणित करावे लागते. म्हणून पुस्तक निवडतानाच असा जोडीदार शोधून ठेवावा. वाचनालयात रोज येणारे निवृत्त शिक्षक हे काम फार मन लावून करतात.