अपग्रेडनंतर जुन्या लॅपटॉपचे ग्राफिक्स रखडू लागले, तर तपासणी कशी करावी

जुन्या लॅपटॉपवर नवी ऑपरेटिंग सिस्टम बसवली, अपग्रेडही सुरळीत पार पडले, पण त्यानंतर खिडकी ओढताना ती तुकड्यातुकड्यांनी सरकते, व्हिडिओ अडखळतो आणि साधे वेबपान वरखाली करतानाही पंखा घोंघावू लागतो, ही तक्रार फार नेहमीची आहे. अशा वेळी लॅपटॉपच म्हातारा झाला, असे म्हणून मोकळे होण्याकडे कल असतो. परंतु आदल्या दिवसापर्यंत जो व्हिडिओ त्याच ग्राफिक्स चिपवर विनासायास चालत होता, तो आज चालत नसेल, तर चिप रातोरात दुबळी झालेली नसते. बहुतेक वेळा नव्या सिस्टमला त्या चिपकडून काम करून घेता येत नसते, कारण त्यासाठी लागणारा ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे सिस्टम आणि चिप यांना जोडणारा प्रोग्रॅम, गळालेला किंवा बदललेला असतो. म्हणून पारदर्शक इफेक्ट बंद करत बसण्याआधी आणि रॅम वाढवण्याचा विचार करण्याआधी ड्रायव्हरची खातरजमा करावी. येथे मुख्यतः विंडोजचा क्रम दिला आहे.

अपग्रेडनंतरचे पहिले काही तास मात्र तपासणीत धरू नयेत. या काळात सिस्टम फायलींची अनुक्रमणिका नव्याने तयार करत असते, राहिलेले अपडेट उतरवत असते आणि प्रोसेसर व डिस्क दोन्ही त्यात गुंतलेले असतात. लॅपटॉप चार्जरला जोडून काही तास चालू ठेवावा, एकदा रीस्टार्ट करावा आणि मगच निरीक्षण सुरू करावे. उलट बाजूने, फार दिवसही घालवू नयेत, कारण विंडोजच्या मागील आवृत्तीकडे परतण्याची सोय साधारणपणे अपग्रेडनंतर १० दिवसच उपलब्ध असते.

पहिली पायरी: सध्या कोणता ड्रायव्हर चालू आहे?

विंडोज आणि एक्स या कळा एकत्र दाबल्यावर येणाऱ्या यादीतून डिव्हाइस मॅनेजर उघडावा आणि डिस्प्ले अडॅप्टर्स हा गट उलगडावा. तेथे चिपच्या नावाऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असे दिसले, तर निदान जवळपास झालेच. हा ड्रायव्हर केवळ पडद्यावर चित्र उमटावे एवढ्यापुरता असतो. चिपमधील वेग वाढवणारी यंत्रणा तो वापरत नाही, त्यामुळे चित्र रेखाटण्याचे सगळे काम प्रोसेसरच्या गळ्यात पडते. ब्राइटनेसची पट्टी नाहीशी होणे किंवा हलवूनही प्रकाश न बदलणे, रिझोल्यूशन एकाच ठिकाणी अडकून राहणे आणि बाहेरचा मॉनिटर ओळखला न जाणे ही त्याची सोबतची लक्षणे आहेत.

अडॅप्टरच्या नावावर दोनदा क्लिक करून ड्रायव्हर हा टॅब पाहावा. पुरवठादार म्हणून मायक्रोसॉफ्टचे नाव आणि तारीख २१ जून २००६ असे दिसले, तर दचकू नये. विंडोजसोबत येणाऱ्या स्वतःच्या ड्रायव्हरांवर मायक्रोसॉफ्ट मुद्दाम हीच जुनी तारीख घालते, जेणेकरून चिप बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर उपलब्ध असल्यास सिस्टमने त्याला प्राधान्य द्यावे. ही तारीख दिसणे याचा अर्थ एवढाच, की कंपनीचा ड्रायव्हर बसलेला नाही.

नाव बरोबर असूनही त्यावर पिवळा त्रिकोण असेल, तर ड्रायव्हर बसला आहे पण सुरू होत नाही, असे समजावे. नाव बरोबर आणि त्रिकोणही नाही, अशा स्थितीत टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये जीपीयूचा (ग्राफिक्स चिपचा) आलेख दिसतो का, ते पाहावे. डब्ल्यूडीडीएम (विंडोजच्या ग्राफिक्स ड्रायव्हरांचे ठरावीक मॉडेल) २.० किंवा त्यापुढच्या मॉडेलचा ड्रायव्हर असेल तरच हा आलेख दिसतो. तो नसेल, तर विंडोज ८ च्या काळातील ड्रायव्हर अजून गाडा ओढत असण्याची शक्यता मोठी आहे. डीएक्सडायग (dxdiag) ही आज्ञा चालवल्यास डिस्प्ले टॅबमध्ये हे मॉडेल थेट लिहिलेलेही सापडते.

दुसरी पायरी: योग्य ड्रायव्हर मिळवणे आणि बसवणे

बेसिक अडॅप्टर दिसत असल्यामुळे चिप कोणती हेच ठाऊक नसेल, तर प्रॉपर्टीजमधील डिटेल्स टॅबमध्ये हार्डवेअर आयडी निवडावा. त्यातील व्हीईएन या अक्षरांपुढे ८०८६ असेल तर चिप इंटेलची, १०डीई असेल तर एनव्हिडियाची आणि १००२ असेल तर एएमडीची असते. त्यापुढचा डीईव्ही क्रमांक नेमके मॉडेल सांगतो.

ड्रायव्हर शोधताना आधी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपले मॉडेल शोधावे, चिप बनवणाऱ्या कंपनीकडे नंतर जावे. लॅपटॉपमधील ग्राफिक्सचे ड्रायव्हर पुष्कळदा त्या मॉडेलच्या पडद्यानुसार आणि वीजव्यवस्थेनुसार जुळवून घेतलेले असतात. नव्या विंडोजसाठी काहीच दिलेले नसेल, तर आधीच्या आवृत्तीसाठीचा ६४-बिट ड्रायव्हर वापरून पाहण्यास हरकत नाही. २०११ च्या सुमाराच्या इंटेल एचडी ३००० चिपसाठी इंटेलने विंडोज १० चा अधिकृत पाठिंबा दिला नाही, तरीही जुना ड्रायव्हर त्यावर बऱ्यापैकी चालतो. मात्र कंपन्यांनी जुन्या चिपांचे दार कधीच लावून घेतले आहे, हे ध्यानात ठेवावे. केप्लर पिढीच्या लॅपटॉप चिपांना नियमित नवे ड्रायव्हर देणे एनव्हिडियाने २०१९ मध्ये थांबवले, तर एएमडीने जीसीएन रचनेच्या पहिल्या काही पिढ्यांना जून २०२१ मध्ये निरोप दिला. अशा चिपांसाठी सर्वांत नवा ड्रायव्हर शोधण्यात अर्थ नाही. त्या चिपसाठी निघालेला शेवटचा ड्रायव्हर शोधावा लागतो. एका क्लिकवर सगळे ड्रायव्हर अद्ययावत करून देतो म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरपासून चार हात दूरच राहावे.

बसवण्यापूर्वी रिस्टोअर पॉइंट, म्हणजे बिघडल्यास सिस्टम जिथे परत नेता येईल अशी नोंद, तयार करावा. इंटेलचा इन्स्टॉलर कधीकधी हा ड्रायव्हर या संगणकासाठी प्रमाणित नसल्याचे सांगून काम नाकारतो. तसे झाल्यास ड्रायव्हरची झिप फाइल उतरवून मोकळी करावी, डिव्हाइस मॅनेजरमध्ये अपडेट ड्रायव्हर निवडावे, पुढे संगणकावर शोधण्याचा आणि मग यादीतून स्वतः निवडण्याचा पर्याय घेऊन हॅव डिस्क हे बटण दाबावे आणि मोकळ्या केलेल्या फोल्डरातील आयएनएफ फाइल दाखवावी. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतील, तर आधी चिपसेटचा (मदरबोर्डवरील नियंत्रक चिपांचा), मग प्रोसेसरमधील चिपचा आणि शेवटी स्वतंत्र चिपचा ड्रायव्हर बसवावा.

जुन्या ड्रायव्हरचे अवशेष अडथळा आणत असतील, तर सेफ मोडमध्ये (अत्यावश्यक भागांवरच सिस्टम सुरू करण्याच्या पद्धतीत) डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हे मोफत साधन चालवून ते पूर्णपणे काढता येतात. त्या वेळी वायफाय बंद ठेवावे, अन्यथा आपण नवा ड्रायव्हर बसवेपर्यंत विंडोज अपडेट आपल्याच पसंतीचा ड्रायव्हर गुपचूप आणून ठेवते. सर्व काही ठीक चालत असताना एखाद्या अपडेटनंतर अचानक बिघडले असेल, तर एवढा खटाटोप नको. ड्रायव्हर टॅबमधील रोल बॅक ड्रायव्हर हे बटण पुरेसे असते.

ड्रायव्हर ठीक असूनही मंदपणा राहिला तर

दोन चिपांच्या लॅपटॉपवर अपग्रेडनंतर एखादा गेम किंवा व्हिडिओ संपादनाचा प्रोग्रॅम कमकुवत चिपवर चालू लागतो. सेटिंग्जमध्ये सिस्टम, डिस्प्ले आणि ग्राफिक्स असे जाऊन त्या प्रोग्रॅमसाठी हाय परफॉर्मन्स निवडावे.

तक्रार फक्त ऑनलाइन व्हिडिओपुरती असेल, तर व्हिडिओ कोणत्या पद्धतीने संकुचित केला आहे, ते पाहणे आवश्यक ठरते. यूट्यूब व्हीपी९ आणि एव्ही१ या पद्धतींचा मोठ्या प्रमाणावर वापर करते, तर जुन्या चिपांना हार्डवेअरमध्ये या दोन्ही नव्हे, तर एच.२६४ ही जुनी पद्धत उलगडता येते. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर नव्वद टक्क्यांवर आणि जीपीयूचा व्हिडिओ डीकोड आलेख शून्यावर दिसला, तर हेच घडत आहे. ब्राउझरमध्ये एच२६४इफाय (h264ify) हे एक्स्टेन्शन घातल्यास यूट्यूबकडून एच.२६४ मधील व्हिडिओ मागवला जातो आणि प्रोसेसरवरचा भार उतरतो. ब्राउझरच्या सेटिंगमधील हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन अपग्रेडमध्ये बंद पडले नाही ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

सुरुवातीची दहा मिनिटे सर्व काही छान आणि नंतर रखडणे, हे उष्णतेचे लक्षण आहे. पंख्यात साचलेली धूळ काढावी आणि चार्जर मूळ क्षमतेचाच असल्याची खात्री करावी, कारण कमी वॅटचा चार्जर लावल्यास काही लॅपटॉप स्वतःहून वेग उतरवतात. प्रोसेसरमधील ग्राफिक्स चिप मुख्य रॅमच वापरते, त्यामुळे ४ जीबी रॅमच्या यंत्रात नव्या सिस्टमने व्यापलेली जागा तिच्याच वाट्यातून जाते. दुसरा रॅम स्लॉट रिकामा असेल, तर त्यात जोडीची रॅम बसवल्याने दोन मार्गांनी माहिती वाहते आणि अशा चिपला त्याचा लाभ स्पष्ट जाणवतो. पारदर्शकता आणि अ‍ॅनिमेशन बंद करण्याचा उपाय या सगळ्यानंतर करावा. तो थोडा दिलासा देतो, एवढेच.

लिनक्सवर असाल, तर सिस्टमच्या माहितीत ग्राफिक्सपुढे एलएलव्हीएमपाइप (llvmpipe) असे दिसते का, ते पाहावे. दिसल्यास तेथेही प्रोसेसरच चित्र काढत आहे, आणि बहुधा इन्स्टॉल करताना जोडलेला नोमोडसेट (nomodeset) हा बूट पर्याय काढायचा राहून गेला आहे.

प्रत्येक बदलानंतर तोच व्हिडिओ, त्याच रिझोल्यूशनवर पुन्हा चालवून पाहावा आणि एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही. विंडोज ११ ला डिरेक्टएक्स १२ (विंडोजची ग्राफिक्स प्रणाली) चालवणारी आणि डब्ल्यूडीडीएम २.० चा ड्रायव्हर असलेली चिप अधिकृतपणे आवश्यक आहे. ही अट डावलून सिस्टम बसवली असेल आणि चिपचा शेवटचा ड्रायव्हरही त्यात बसत नसेल, तर पुढे प्रयत्न करण्यात वेळ घालवू नये. सेटिंग्जमधील रिकव्हरी विभागात गो बॅक हा पर्याय अजून उपलब्ध असल्यास तो घ्यावा. डिस्क क्लीनअपने विंडोज.ओल्ड हे फोल्डर पुसले असेल, तर तो मुदतीपूर्वीही बंद होतो, आणि मग फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन जुनी सिस्टम किंवा हलके लिनक्स नव्याने बसवावे लागते.