घड्याळातल्या कॅलरी ताटात घ्यायच्या का?

वजन उतरवताना स्मार्ट घड्याळ व्यायामात जळलेल्या कॅलरी दाखवतं; तेवढं जादा खायचं का, हा प्रश्न. आधी रोजचं कॅलरींचं उद्दिष्ट कसं काढलंय ते बघा. ॲपमध्ये 'मध्यम सक्रिय' निवडलं असेल (गुणक 1.55, म्हणजे नुसतं पडून राहूनही जळणाऱ्या कॅलरींच्या 1.55 पट), तर व्यायाम त्यात धरलेलाच आहे. वर पुन्हा खाल्लंत तर एकच खर्च दोनदा मोजला जातो आणि वजन जागचं हलत नाही. 'बैठं काम' (1.2) निवडलं असेल तरच पुढचा हिशेब.

मनगटावरच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. स्टॅनफर्डने 2017 मध्ये तपासलेल्या सात उपकरणांपैकी सर्वांत बऱ्याचीही कॅलरीतली चूक सरासरी 27 टक्के होती. शिवाय नुसतं बसूनही जे जळलं असतं, तेही बरीच घड्याळं त्यात मिळवतात. स्वतः मोजायचं तर सपाटीवर चालताना दर किलोमीटरला वजनाच्या किलोमागे अर्धी कॅलरी, पळताना साधारण एक. म्हणजे 70 किलोच्या माणसाने 5 किलोमीटर चालून जादा जळतात जेमतेम 175. एक वडापाव खाल्ला की उलट खातं वजा!

अर्ध्या तासाच्या फेरीसाठी वेगळं काही खाऊ नका. तासाभराहून जास्त पळणं, पोहणं किंवा सायकल झाली, तर घड्याळाच्या आकड्याच्या निम्मं खा: दोन उकडलेली अंडी किंवा ताक आणि मूठभर फुटाणे.

तीन आठवडे रोज सकाळी वजन करून आठवड्याची सरासरी काढा. आठवड्याला एक टक्क्याहून जास्त उतरत असेल, झोप उडाली असेल, तर रोज 150 ते 200 कॅलरी वाढवा. मधुमेहासाठी इन्सुलिन चालू असेल तर हे गणित डॉक्टरांना विचारूनच.