खड्डा बुजवायच्या आधी पाणी शोधा

डिप्लोमा किंवा डिग्री करून बांधकाम खात्यात किंवा ठेकेदाराकडे साइटवर लागलं की पहिली एकदोन वर्षं बहुतेकांच्या वाट्याला देखभालच येते. सोबतची मुलं पुलाच्या कामावर, आणि आपण जिल्हा मार्गावर टेप घेऊन खड्डे मोजतोय. हिरमुसायला होतं. मला अजूनही कधीकधी होतं. पण रस्ता कशानं टिकतो हे नव्या कामापेक्षा इथेच लवकर कळतं.

व्हीजी-३० हे कसलं डांबर, बीएम हा खालचा डांबर-खडीचा थर कुठे आणि कार्पेट हा वरचा पातळ थर कुठे, हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. मी ज्यात अडकलो तेवढंच सविस्तर सांगतो.

कोकणातला घाटाखालचा रस्ता. मे महिन्यात खड्डे चौकोनी कापून, आतली धूळ काढून, हॉटमिक्स, म्हणजे प्लान्टवर गरम केलेलं डांबर-खडीचं मिश्रण भरून, रोलर फिरवून झालेला. जुलैत तेच खड्डे, त्याच जागी. मग प्लान्टवर संशय, मालावर संशय, रोलरवाल्याशी भांडण. दुखणं होतं साईडपट्टीत, डांबराच्या कडेबाहेरच्या मातीच्या पट्ट्यात. माती आणि गवत साचत साचत ती डांबराच्या कडेपेक्षा चार बोटं वर आली होती. रस्त्याचा उतार चोख, पाणी कडेपर्यंत बरोबर येत होतं, पण गटारात उतरायला वाटच नव्हती. ते कडेकडेनं वाहायचं आणि भेगांतून खाली मुरायचं. खालचा खडीचा थर एकदा भिजला की त्याची ताकद जाते. वरून चिऱ्याचा भरलेला ट्रक गेला की डांबराचा थर वाकतो, पुन्हा वाकतो, आणि मग जाळीसारख्या भेगा पडतात. चाकाखाली दाब आला की त्या भेगांतून राखाडी चिखल बाहेर येतो. तो चिखल दिसला की वरून डांबर ओतणं बंद करा. खालचा थर उघडून पाणी काढल्याशिवाय तिथे काहीही टिकणार नाही.

तपासायला यंत्र लागत नाही. लांब सरळ पट्टी आणि स्पिरिट लेव्हल पुरे. जास्त पावसाच्या भागात डांबरी रस्त्याला २.५ टक्के उतार धरतात, म्हणजे ७ मीटर रुंद रस्त्यात मध्यापासून कडेपर्यंत जवळजवळ पावणेनऊ सेंटीमीटर. साईडपट्टीचा उतार त्याहून जास्त हवा, मीटरला निदान ३ सेंटीमीटर. पट्टी रस्त्यावरून साईडपट्टीवर सरकवा. बुडबुडा उलटीकडे गेला की तिथे फावडं चालवायचं. उलटा प्रकारही तितकाच वाईट: नवा थर टाकून रस्ता उंच केला आणि साईडपट्टीला मुरूम भरलाच नाही, तर बाजू देताना एसटीचं चाक खाली उतरतं आणि कड तुकड्यातुकड्यानं तुटते. अंदाजपत्रकात साईडपट्टी आणि गटाराची रक्कम किरकोळ असते, म्हणून कुणाचंच लक्ष नसतं. तुम्ही ठेवा. एकाच जागी दुसऱ्यांदा खड्डा पडला, तर तो खड्ड्याचा प्रश्न नाही हे लिहून ठेवा. रस्त्याखालून पाणी नेणारी मोरी तुंबली तरी तेच.

मराठवाड्यात किंवा सोलापूरकडे नेमणूक असेल तर काळी माती वेगळा त्रास देते. उन्हाळ्यात ती आकसते आणि कडेला समांतर लांब भेगा पडतात. पाऊस यायच्या आत त्या साफ करून भरा. बारीक भेगांना इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर चालतं, रुंद भेगेत इमल्शनसोबत कच लागते. पुढच्या वर्षी भेग पुन्हा उघडेल. त्यात तुमची चूक नाही, पण पावसाळाभर पाणी आत गेलं नाही एवढं पदरात पडतं.

टॅक कोटबद्दल, म्हणजे नवा थर जुन्याला चिकटावा म्हणून मारायच्या इमल्शनच्या हाताबद्दल थोडं. जुन्या डांबरी पृष्ठभागावर चौरस मीटरला साधारण पाव किलो इमल्शन लागतं. जास्त मारलं की जास्त चिकटतं हा गैरसमज आहे, उलट वरचा थर घसरतो. टाकल्यावर ते तपकिरी असतं. काळं पडेपर्यंत माल टाकू देऊ नका, मग मुकादम कितीही घाई करो. खड्ड्याच्या उभ्या बाजूंनाही हात फिरला पाहिजे, तिथूनच पाणी शिरतं. व्हीजी-३० चा माल पसरताना १४० अंशांच्या खाली नको, आणि ९० च्या आत उतरायच्या आधी रोलिंग संपलं पाहिजे. थर्मामीटर स्वतःचा घ्या, साइटवरचा नेहमी ‘कालच फुटलेला’ असतो. आणि डंपरच्या हौद्यात डिझेल मारू देऊ नका. डिझेल डांबर विरघळवतं. साबणाचं पाणी चालतं.

खड्ड्यात पेव्हर ब्लॉक बसवणं मला अजिबात पटत नाही. ब्लॉक टणक, भोवतीचं डांबर लवचीक, सांध्यातून पाणी आत, आणि एका खड्ड्याचे चार होतात. भर पावसात हॉटमिक्स प्लान्ट बंद असतो तेव्हा पिशवीतला कोल्डमिक्स, म्हणजे गरम न करता भरायचा तयार माल वापरा. तो तात्पुरता आहे म्हणून ओशाळायचं कारण नाही, जागा नोंदवून ठेवा आणि दिवाळीनंतर नीट उघडून करा.

गुरू शोधायचा तर ऑफिसात शोधू नका. जुना मैलकुली, म्हणजे रस्त्याच्या ठरलेल्या तुकड्याची देखभाल करणारा मजूर भेटला तर त्याच्यासोबत एक दिवस चाला. पाणी कुठून येतं, कुठली मोरी कधी तुंबते, हे त्याला तोंडपाठ असतं. आमच्या साहेबांना आयआरसी ८२, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसचा डांबरी रस्त्यांच्या देखभालीचा कोड पाठ होता, रस्ता नव्हता. तो कोड तुम्हीही वाचाच, देखभालीचा सगळा पाया त्यात आहे. पण वाचून झाल्यावर पहिल्या मोठ्या पावसात रस्त्यावर जा आणि पाऊस थांबल्यावरही अर्धा तास तिथेच थांबा. बाकी रस्ता सुकतो, पाणी धरलेल्या भेगा काळ्या राहतात. त्यांचे फोटो किलोमीटरच्या दगडासकट काढा. छत्री नको, रेनकोट न्या. टेप धरायला दोन्ही हात लागतात.